कार्ड संपलं, टर्मिन (अपॉइंटमेंट) नाही आणि घरी बहिणीचं लग्न

प्रश्न : ताई, मी मूळचा कराडचा. जर्मनीत मास्टर्स करतोय, तिसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय. माझं रेसिडन्स कार्ड २८ नोव्हेंबरला संपतं. सप्टेंबरपासून आउसलेंडर ऑफिसला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयाला, तीन मेल केले, आपोआप येणाऱ्या उत्तराशिवाय काहीही आलं नाही. १२ डिसेंबरला बहिणीचं लग्न आहे, पॅरिसमार्गे तिकीट काढून ठेवलंय. बाबा म्हणतात, ‘कार्ड संपल्यावर आलास तर परत घेणार नाहीत, आणि तिथेच राहिलास तर पोलीस धरतील.’ काय करू?

उत्तर : आधी बाबांचा जीव भांड्यात पडू दे. २९ नोव्हेंबरला सकाळी उठशील तेव्हाही तू कायदेशीरच असशील, फक्त मुदतवाढीचा अर्ज २८ तारखेच्या आत पोचलेला हवा. जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमात हे लिहिलंय. अर्ज वेळेत आला असेल तर निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालूच आहे असं मानतात. कॉलेज चालू, पार्टटाइम नोकरीही चालू.

‘मानतात’ हा शब्द नीट बघ. पुण्यामुंबईत सोसायटीच्या कमिटीवर बसलेल्या कुणालाही ‘मानीव अभिहस्तांतरण’ विचार, एक सुस्कारा टाकून समजावून सांगेल. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही, मग ती करून दिलीच आहे असं मानून सरकार कागद देतं. जर्मनांनी तीच युक्ती मुक्कामाला लावली. त्या कागदाचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. मी त्याला मानीव मुक्कामाचा दाखला म्हणते. तेरा युरोंत मिळतो.

आता तुझ्या मेलकडे वळू. त्यात काय लिहिलं होतंस? दहातली आठ मुलं लिहितात, ‘कृपया मला टर्मिन द्यावी.’ ही झाली अपॉइंटमेंटची विनंती, अर्ज नव्हे, आणि उद्या कुणी खुसपट काढलं तर ते इथेच काढेल. आजच्या आज नवा मेल कर आणि पहिल्याच वाक्यात लिही की ‘मी माझ्या निवास परवान्याच्या मुदतवाढीसाठी अर्ज करत आहे.’ सोबत भरून सही केलेला फॉर्म, पासपोर्ट, कार्डाच्या दोन्ही बाजू, चालू सेमिस्टरचा नोंदणी दाखला, आरोग्य विम्याचं पत्र आणि पैशाचा पुरावा जोड. तुझ्या शहराचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथून अर्ज कर आणि शेवटी येणारी पोच पीडीएफ करून ठेव. पोर्टल नसेल तर मेलशिवाय पोस्टानेही पाठव. आपल्या रजिस्टर एडीचा भाऊ इथेही आहे, पोचपावतीसकट. त्या पावतीला दागिन्यासारखं जप. टर्मिन कधी मिळाली याला पुढे कुणी विचारत नाही, अर्ज कधी पोचला ते विचारतात.

हे झालं राहण्याचं. विमानात बसायचं असेल तर नुसती पोच पुरत नाही, तो तेरा युरोंचा कागद हातातच हवा. मेलच्या विषयात ‘प्रवासासाठी तातडीने दाखला हवा’ असं लिही, तिकीट जोड, लग्नाची पत्रिकाही जोड. पत्रिका मराठीत असेल, वर गणपती असेल, असू दे. खाली नावं, तारीख आणि ‘सख्ख्या बहिणीचं लग्न’ एवढं जर्मनमध्ये टाइप करून दे. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही गाठ. बऱ्याच ठिकाणी त्यांची आउसलेंडर ऑफिसशी थेट ओळख असते आणि त्यांच्या एका फोनने आपले पाच मेल हलतात.

कागद मिळाला की तिथेच उभा राहून वाच. बाहेर येऊन, ट्राममध्ये बसून नको. आत तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर फुली. एकापुढे लिहिलेलं असतं की मुक्काम ‘एर्लाउब्ट’, म्हणजे परवानगी असलेला मानला जातो. दुसऱ्यापुढे हकालपट्टी स्थगित मानली जाते. तिसऱ्यापुढे परमिट ‘फोर्टबेश्टेहेन्ड’, म्हणजे पुढे चालू असलेलं मानलं जातं. तुला फुली हवी ती या तिसऱ्यावर. हिच्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकोनावर फुली असेल तर जर्मनीत खुशाल राहा, पण बाहेर पडलास की त्या कागदावर आत येता येत नाही. फुली मारणारा कारकूनही माणूसच असतो, चुकतो. टेबलावरून उठायच्या आत विचारलंस तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. दाखल्यावर त्याची स्वतःची मुदत असते, ती परतीच्या तारखेपलीकडची आहे ना, तेही बघ. आणि जुनं कार्ड संपलं म्हणून फेकू नकोस. पासपोर्ट, जुनं कार्ड आणि दाखला, हे तिघं एकत्र असले तरच अर्थ लागतो.

पॅरिसचं तिकीट मात्र मला आवडलेलं नाही. नियमात बसतं, पण काउंटरवरची बाई नियमाच्या पुस्तकातून वाचत नाही. माझं ऐक. २०१४ च्या जानेवारीत, आजीला भेटून परतताना, रात्री दीड वाजता मुंबई विमानतळावर मी हाच कागद पुढे केला. मुलीने पासपोर्टची पानं दोनदा उलटली, स्टिकर शोधला. कार्ड पाहिलं, ते डिसेंबरात संपलेलं. मग दाखल्यावरची पहिली पाच अक्षरं वाचून विचारते, ‘मॅडम, हे फिक्शन आहे?’ मला हसू आलं, तेही चुकीच्या वेळी. सुपरवायझर आला, त्याने कुठेतरी फोन लावला, माझ्यामागची रांग दुसऱ्या काउंटरवर गेली. चाळीस मिनिटांनी बोर्डिंग पास मिळाला. ते विमान थेट फ्रँकफर्टचं होतं. मध्ये दुसऱ्या देशाचं इमिग्रेशन असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करत नाही. जमलं तर तिकीट बदलून फ्रँकफर्टचं किंवा म्युनिकचं थेट घे, आणि काउंटरवर तीन तास नव्हे, चार तास आधी जा.

निघायच्या दिवसापर्यंत दाखला हातात नसेल तर जाऊ नकोस. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण कार्ड संपलेलं, दाखला नाही आणि तू कराडात, अशा स्थितीत परतायला नव्याने व्हिसा काढावा लागेल, आणि त्यात सेमिस्टर जाईल.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. पासपोर्ट कधी संपतो? कार्डाची मुदत पासपोर्टच्या पुढे जात नाही. मी २०१२ मध्ये सांगलीहून आले तेव्हा हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांच्या कार्डाची वाट बघत होते, हातात पडलं सात महिन्यांचं, कारण पासपोर्ट तेवढाच उरला होता. सात महिन्यांनी पुन्हा पहाटे पाचची रांग, पुन्हा पूर्ण फी. आज मुदतवाढीला ९३ युरो पडतात. पासपोर्टला वर्षापेक्षा कमी उरलं असेल तर आधी भारतीय वकिलातीकडून नवा करून घे. पण त्यासाठी कार्डाचा अर्ज अडवून धरू नकोस, जुन्यावरच टाक आणि नवा येतोय असं कळव.

प्रश्न : मुलगा जर्मनीत दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरले. आता परमिट वाढवताना पुन्हा तेवढे एकरकमी भरायचे का? ओळखीचे एक गृहस्थ पंधरा दिवसांसाठी पैसे फिरवून देतो म्हणतात. (एक पालक, लातूर)

उत्तर : दादा, त्या गृहस्थांना चहा पाजा आणि वाटेला लावा. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. फिरवायला म्हणून घातलेले पैसे पंधरा दिवसांत काढणार कसे? आणि साध्या खात्यात दाखवले तर कार्यालय मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट मागतं. त्यात आदल्या आठवड्यात आलेले बारा लाख लपत नाहीत.

एकरकमी भरायलाच हवेत असं नाही. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की मुलाकडे महिन्याला ९९२ युरोंची सोय आहे. ती ब्लॉक्ड अकाउंटने होते, स्कॉलरशिपने होते, नोकरीचा करार आणि पगाराच्या स्लिपांनीही होते. थोडं इकडून, थोडं तिकडून असंही बरीच कार्यालयं मान्य करतात. मुलगा काम करत असेल तर मागच्या स्लिपा गोळा करायला सांगा. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत ती १२० दिवसांची होती. दिवसांची नोंद त्याने स्वतः ठेवावी. हिशेब मागितला की आमच्या मुलांना काही आठवत नाही.

प्रश्न : चार सेमिस्टरचा कोर्स, चौथं संपत आलं. दोन विषय आणि थीसिस बाकी आहे. परमिट वाढवतील का?

उत्तर : वाढवतील. इथे चारचा कोर्स चारमध्ये संपवणारे कमीच. त्या कोर्सला तुमच्या विद्यापीठात सरासरी जितका वेळ लागतो, त्याच्या वर तीन सेमिस्टरपर्यंत कार्यालय सहसा भुवया उंचावत नाही. मार्कशीट आणि थीसिसच्या प्रोफेसरांचं, अंदाजे कधी संपेल ते लिहिलेलं पत्र जोड. पत्रात महिना आणि वर्ष हवं, ‘लवकरच’ चालत नाही.

दोनपैकी एखाद्या विषयाचा शेवटचा प्रयत्न उरलाय का, हे तू लिहिलेलं नाहीस. तसं असेल तर परमिटचं राहू दे. त्यात नापास झालास तर विद्यापीठ नाव कमी करतं आणि आउसलेंडर ऑफिसला कळवतंही. या सोमवारी विद्यापीठाच्या स्टडी कौन्सेलरची वेळ घे, परीक्षेला बसायच्या आधी.