अब्बांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) गाळा मी पुढे चालवणार आहे. आधी काय शिकू?

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही, आणि अब्बा म्हणतात "माझ्यानंतर सगळं तुझंच", असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यासाठीच हे उत्तर. ताई, नंतर सगळं तुमचं होत नसतं. सुन्नी हिशेबात मुलगा नसेल तर दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, अम्मीला एक अष्टमांश, आणि दादा-दादी हयात नसतील तर उरलेले २४ पैकी ५ हिस्से अब्बांच्या भावाबहिणींकडे. म्हणजे चाचा भागीदार. मृत्युपत्रानंही सुटत नाही, कारण वारसाच्या नावे लिहिलेलं बाकीच्या वारसांनी मागाहून मान्य केलं तरच चालतं. चाचा कशाला मान्य करतील?

म्हणून हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करा. अब्बांनी दिलं, तुम्ही स्वीकारलं, ताबा मिळाला, असं तिन्ही व्हावं लागतं, आणि घोडं अडतं ते ताब्यापाशी. कागद झाला, पण किल्ल्या, घरफाळा, वीजबिल, चलनबुक (मालासोबतच्या पावत्यांची वही) जुन्याच नावावर, की कोर्टात समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. गाळा चाचांशी सामाईक असेल तर आधी वाटणी. लेथ, शेपर, ड्रिलिंगची यादी मशीन नंबर घालून वेगळी लिहा. बक्षीसपत्र नोंदवणार असाल तर २०० रुपयांच्या मुद्रांकाची सवलत घर आणि शेतीला आहे, गाळ्याला नाही.

धंदा अब्बांच्या पॅनवर असेल तर जीएसटी आणि उद्यम नोंदणी तुमच्या नावे नवी. जीएसटीचं जुनं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून आधी वळवा, मगच जुना जीएसटी नंबर रद्द करा. बापलेकीची भागीदारी करायला कोणी सांगेल. दोघांतला एक गेला की ती फर्म संपते. बहिणीला तिसरी भागीदार घ्या आणि कुणी गेलं तरी फर्म चालू राहील, हे करारात लिहा.

"पोरगी काय चक आवळणार" (चक म्हणजे लेथवर काम पकडणारा जबडा) हे आमच्याही घरच्या बैठकीत ऐकलंय. चक आवळायला हेल्पर असतो हो! बिल वसूल करायला मालक लागतो.

शिकायचंच तर मायक्रोमीटर वाचायला आणि चलन लिहायला शिका. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगला (ओतीव भागाला) दुसऱ्या कटात ब्लोहोल, म्हणजे आतलं हवेचं छिद्र, उघडं पडतं, तोवर मजुरी गेलेली असते. मटेरियल रिजेक्शन (मालातला दोष) आणि मशिनिंग रिजेक्शन (आपल्या कामातली चूक) चलनावर वेगळं लिहून घ्या आणि झालेल्या ऑपरेशनची मजुरी लावा. नाहीतर दोन्ही तुमच्याच माथी.

शिया असाल तर वरचा हिशेब बदलतो, मुली असताना चाचांना वाटा नसतो. आणि हिबा अब्बा धडधाकट असतानाच करा. शेवटच्या आजारपणातला हिबा मृत्युपत्रासारखाच धरतात, मग पुन्हा चाचांची सही आली.