गुरुवारची सुट्टी आणि समुपदेशनाचा कोर्स

"मॅडम, नोकरी सोडता येणार नाही. शनिवार-रविवारचा कोर्स करून समुपदेशक होता येईल का?" हा प्रश्न मला फोनवर विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, एकदा तर बँकेच्या रांगेत विचारला गेला. विचारणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले. शाळेतल्या बाई, एचआरमधली मंडळी, आयटीला कंटाळलेले, व्हीआरएस घेतलेले. आणि पुढचं वाक्य जवळजवळ ठरलेलं: "लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात हो."

यावर हो किंवा नाही म्हणण्याऐवजी हल्ली मी संजयरावांची गोष्ट सांगते. नाव अर्थातच बदललंय, घरचे आणि कंपनीचे तपशीलही थोडे हलवलेत, आणि ही गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे.

वय ४६. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. शिक्षण बी.कॉम. बायको पतपेढीत नोकरीला, मुलगी बारावीत. लाइनवरची पोरं यांच्याजवळ येऊन घरचं सगळं सांगायची, कर्जापासून सोयरिकीपर्यंत. त्यातूनच हा मार्ग डोक्यात आला आणि त्यांनी एका संस्थेच्या वर्षभराच्या अर्धवेळ पदविकेला नाव घातलं.

माझ्याकडे ते शिकायला आले नव्हते. त्यांच्या कोर्सचा एक नियम होता: शिकत असताना प्रत्येकानं स्वतः क्लायंट म्हणून काही सत्रं घ्यायची, आणि तीही शिकवणाऱ्यांकडे नाही, बाहेरच्या समुपदेशकाकडे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. जो तुम्हाला मार्क देणार त्याच्यासमोर मोकळेपणानं रडणार कोण? पण पुष्कळ कोर्समध्ये हा नियमच नसतो, आणि फी भरताना त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

"नियम आहे म्हणून आलोय. तसा मला काही प्रॉब्लेम नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. डोळे तांबारलेले, खुर्चीच्या काठावर बसलेले.

प्रॉब्लेम होता, आणि पहिला तर अगदी साधा होता. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. वर्ग शनिवार-रविवारी. म्हणजे दर आठवड्याला कुणाची तरी मनधरणी करून शिफ्ट बदलायची, शुक्रवारी रात्री थर्ड शिफ्ट करायची, सकाळी सातला सुटायचं, घरी येऊन आंघोळ उरकायची आणि दहाला वर्गात हजर. "फ्रॉइड सुरू झाला की माझी मान खाली," असं ते हसत म्हणाले. झोपेचं गणित बिघडलं की माणूस चिडचिडा होतो, ऐकण्याची ताकदही जाते. ज्याला दुसऱ्याचं ऐकायला शिकायचंय त्यानं आधी झोपेची सोय लावली पाहिजे, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. आम्ही सुरुवातीला तेवढंच केलं: महिन्याच्या वेळापत्रकात रात्रपाळीनंतर लगेच वर्ग येणार नाही अशी अदलाबदल शोधली. संस्थेशी बोलून त्यांनी काही तास पुढच्या बॅचबरोबर भरून काढायची परवानगीही मिळवली. मागितल्यावर मिळाली. मागायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या एका सत्राला त्यांच्या पत्नीही आल्या, त्यांच्याच आग्रहावरून. बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "मॅडम, यांना सांगा, घरी नवरा म्हणून या. मी म्हटलं गवार महागली, तर हे विचारतात, 'मग तुला त्याबद्दल काय वाटतंय?' मला काय वाटणार? महाग वाटतेय!"

आम्ही तिघंही हसलो, पण त्या माउलीची तक्रार खरी होती. मुलीची तर आणखी मोठी. पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री ती जेवताना म्हणाली, "बाबा, फिजिक्सचं जाम टेन्शन आलंय." संजयरावांच्या वर्गात त्याच आठवड्यात आरईबीटी झालं होतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्याकडे चांगली रुजली, आणि मराठीत समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येकाला ती सुरुवातीच्या काळात झपाटतेच. संजयराव घास हातात धरून म्हणाले, "परीक्षेमुळे टेन्शन येत नाही बेटा, परीक्षेबद्दलच्या विचारामुळे येतं." पोरगी ताट घेऊन आत निघून गेली.

सिद्धांत म्हणून ते वाक्य चूक नाही. पण ते ज्या क्षणी आलं त्या क्षणी मुलीला तिच्या काळजीत कुणीतरी सोबत हवं होतं, आणि बापानं तिला फळ्यासमोर उभं केलं. शिकाऊ समुपदेशकाच्या घरची माणसं साधारण सहा महिने फुकटचे क्लायंट होतात. पूर्णवेळ शिकणारी बावीस वर्षांची मुलं निदान हॉस्टेलवर राहतात, मैत्रिणींवर प्रयोग करतात. अर्धवेळ शिकणाऱ्याचा वर्ग संपतो तेव्हा तो सरळ संसारात येतो. तिथं नवरा असायचं की समुपदेशक, हा प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो. आम्ही एकच तोडगा काढला आणि तो पत्नीनंच सुचवला: घरात "तुला काय वाटतंय" या वाक्याला बंदी. महिनाभरानं त्यांनीच निरोप धाडला की बंदी पाळली जातेय आणि आता भांडणही पहिल्यासारखं नीट होतंय.

खरी गाठ मात्र वेगळीच होती. ती एका कागदामुळे सापडली.

वर्गात तिघातिघांचे गट करून सराव चालतो. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. नंतर झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहून काढायचं. त्याला सगळे व्हर्बेटिम म्हणतात, आणि तो लिहिण्याचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. संजयरावांचा एक व्हर्बेटिम "वरवरचं" असा शेरा मारून परत आला होता. तो अपमान घेऊन ते माझ्याकडे आले. गटातल्या बाईंचे तपशील इथं बदललेत, पण संभाषणाचा घाट असा होता:

ती: सासूबाई जाऊन दोन महिने झाले. आता घरात मोकळं वाटतं. आणि असं वाटतं याचीच लाज वाटते.

ते: असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्यांचं किती केलंत!

ती: हो, ते आहेच.

ते: मग? तुम्ही कुठं कमी पडलात का?

ती: नाही. बरोबर आहे तुमचं.

"यात काय चुकलं, मॅडम? मी त्यांना धीर दिला," संजयराव म्हणाले.

मी त्यांना कागदावर बोट ठेवायला सांगितलं, त्या बाई कुठल्या ओळीनंतर बोलायच्या थांबल्या तिथं. त्यांनी पुन्हा वाचलं, आणि बोट "हो, ते आहेच" वर ठेवलं. त्यानंतर त्या बाई फक्त शिष्टाचार पाळत होत्या. सांगायची गोष्ट तशीच राहिली होती. मोकळं वाटणं आणि लाज वाटणं दोन्ही एका वेळी अंगावर घेऊन ती बाई आली होती, आणि दोन वाक्यांत तिच्याकडून ते काढून घेऊन तिला "चांगली सून" हे प्रमाणपत्र देण्यात आलं.

मी विचारलं, "त्या लाज म्हणाल्या, तेव्हा तुमच्या अंगात काय झालं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "पोटात गोळा आला."

त्यांचे वडील दारू प्यायचे. चाळीत तिसऱ्या मजल्यावर घर. जिन्यात चपलांचा आवाज आला की आठ-नऊ वर्षांच्या संजयला कळायचं आजची रात्र कशी जाणार. आवाज एका लयीत असेल तर धाकट्या भावाला अभ्यासाला बसवायचं. फरफटत असेल तर त्याला शेजारच्या काकूंकडे सोडून यायचं, आईनं झाकलेलं ताट काढून ठेवायचं, रेडिओ बंद करायचा. वडील गेले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तेराव्याला सगळे रडत होते आणि यांना हलकं वाटत होतं. ते त्यांनी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

"लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात" याच्या मुळाशी पुष्कळदा अशी एखादी गोष्ट असते. लहानपणी माणसं वाचायला लागली म्हणून वाचता येऊ लागली. ही देणगी आहेच, ती मी कमी लेखत नाही. पण ती देणगी शिकली गेली घरातलं वादळ शमवण्यासाठी. त्यामुळे समोरच्याला त्रास होताना दिसला की हात आपोआप त्रास मिटवायला जातो. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारात्मक बदलासाठी आवश्यक म्हणून ज्या अटी मांडल्या, त्यांपैकी समानुभूती आणि विनाअट स्वीकार यांच्या व्याख्या संजयरावांना तोंडपाठ होत्या. क्लायंटच्या लाजेशेजारी दोन मिनिटं गप्प बसणं मात्र जमत नव्हतं, कारण स्वतःची तशीच लाज पंचवीस वर्षं झाकून ठेवलेली.

पुढचे काही महिने आम्ही त्यावरच काम केलं. ते सगळं इथं सांगणार नाही, ते त्यांचं आहे. नंतरच्या एका व्हर्बेटिममध्ये समोरचा माणूस म्हणतो, "मला भावाचा राग येतो," आणि संजयरावांच्या नावापुढे नुसतं लिहिलंय: "(शांतता)". त्यापुढे तो माणूस बारा ओळी बोललाय.

आता व्यवहाराचं. वर्ग शनिवार-रविवारी करता येतात. पण खऱ्या माणसांबरोबर देखरेखीखाली काम करायचं कुठं? शाळा, रुग्णालयं, बऱ्याचशा संस्था आठवड्याच्या मधल्या दिवशी चालतात. ऑफिसात जाणारे त्यांचे वर्गमित्र इथं अडकले. वर्ष संपलं तरी प्रॅक्टिकमचे तास भरेनात. संजयरावांच्या ज्या गुरुवारनं सुरुवातीला छळलं, तोच आता कामी आला. एका व्यसनमुक्ती केंद्रात दर गुरुवारी कुटुंबीयांच्या सभेला ते बसू लागले, आधी नुसतं ऐकायला, मग वरिष्ठांच्या सोबतीनं बोलायला. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हापासून या क्षेत्रात अनुभवातून आलेल्या माणसांना मान आहे. तरी केंद्रप्रमुखांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की दारुड्याचा मुलगा असणं ही पात्रता धरली जाणार नाही, सुपरव्हिजनला, म्हणजे वरिष्ठांसोबत स्वतःचं काम तपासून घ्यायला, दर पंधरवड्याला यावं लागेल. मला त्या बाईंचा हा करडेपणा आवडला.

म्हणून कोर्स निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: देखरेखीखालच्या कामाची सोय संस्था करते का, की "ते तुमचं तुम्ही बघा"? दुसरं असेल तर ती फी पुस्तकं विकत घेण्यात घालवलेली बरी.

पदवीचा मामला अलीकडे आणखी बदललाय. नोकरी करणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता म्हणजे दूरशिक्षणातून मानसशास्त्रात एम.ए. संजयरावांनीही तेच मनात धरलं होतं. पण २०२१ च्या ज्या केंद्रीय कायद्यानं संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, त्याच्या यादीत मानसशास्त्र येतं. त्याचा हवाला देऊन यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन नवे प्रवेश थांबवले. अनेकांची योजना एका परिपत्रकानं कोलमडली. माझं मत विचाराल तर निर्णयामागचा विचार मला पटतो, पण नोकरदार बाईसाठी किंवा तालुक्याच्या गावी राहणाऱ्यासाठी पर्याय न देता दार लावणं पटत नाही. आणि एक लक्षात ठेवा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शनिवार-रविवारची पदविका त्या जागी चालत नाही, कोर्सच्या जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

संजयरावांनी नोकरी सोडलेली नाही. मुलीचं शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत, आणि केंद्रातलं काम मानधनावर आहे. "मग फायदा काय?" असं त्यांच्या मेव्हण्यानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की हप्ते पगारातून जातात म्हणूनच क्लायंट हातचा जाईल या भीतीनं मी कुणाला जास्तीची सत्रं घ्यायला लावत नाही. अर्धवेळ राहण्याचा हा फायदा मलाही आधी कुणी सांगितला नव्हता.

मध्यंतरी कंपनीच्या एचआरनं त्यांना बोलावलं. पदविका झालीच आहे तर कामगारांचं समुपदेशनही तुम्हीच करा, आठवड्याला दोन तास, वेगळी खोली देऊ. भत्ताही थोडा होता. त्यांनी एक आठवडा मागून घेतला, सुपरव्हिजनमध्ये हा विषय काढला आणि नकार दिला. ज्याच्या ओव्हरटाइमवर मी सही करतो, ज्याची रजा मी मंजूर करतो, तो दारूबद्दल मला खरं कसं सांगेल? बाहेरचा माणूस नेमा, असं त्यांनी लेखी दिलं. एचआर अजून विचार करतंय. तोवर कँटीनच्या फलकावर त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून घेतलाय. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि चोवीस तास चालू असल्यानं थर्ड शिफ्टवाल्यालाही लावता येतो.