सीडी ड्राइव्ह नसताना आयएसओ आणि बिन फाइलींच्या आत काय आहे ते कसं बघायचं?

वडिलांच्या जुन्या सीडींच्या इमेज (म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीत केलेली प्रत, .iso किंवा .bin नावाची) तुमच्याकडे आहेत, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, आणि त्यातली एक बिन फाइल कशातच उघडत नाही म्हणून डिलीट करू का, असं तुम्ही विचारलंय. आधी शेवटच्याचं उत्तर देतो: कृपा करून करू नका.

आयएसओचं सोपं आहे. विंडोज 8 पासून पुढे फाइलवर डबल-क्लिक केलं की सीडी घातल्यासारखा एक नवा ड्राइव्ह दिसतो. बघून झालं की त्यावर राइट-क्लिक करून इजेक्ट. इमेज फक्त वाचली जाते, तिच्यात काही बदलत नाही. विंडोज 7 असेल तर सेव्हन-झिप (7-Zip) हा प्रोग्रॅम टाका. ते फुकट आहे, आणि त्यात हवे तेवढेच दोन-चार फोटो बाहेर काढता येतात.

खरी अडचण बिनची. आमच्या नौपाड्याच्या घरी आत्याच्या लग्नाच्या सीडीची अशीच एक फाइल होती. 700 एमबीच्या सीडीची फाइल 800 एमबीच्या वर कशी, म्हणजे कॉपी करताना बिघडलीच असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. पण ती धडधाकट होती. सीडीवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा एक छोटा तुकडा, 2352 बाइटचा असतो. आयएसओत त्यातला 2048 बाइटचा डेटा तेवढा घेतात, बिनमध्ये मात्र सेक्टर जसाच्या तसा उतरतो. 80 मिनिटांच्या सीडीत 3,60,000 सेक्टर, म्हणजे आयएसओ सुमारे 703 एमबी आणि बिन सुमारे 807. प्रॉपर्टीजमधला बाइट्सचा आकडा कॅल्क्युलेटरवर 2352 ने भागून बघा. बाकी शून्य आली तर फाइल बहुधा पूर्ण आहे.

त्या काळातल्या लग्नामुंजीच्या सीडी बहुतेक व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, असायच्या. त्यात जास्त व्हिडिओ मावावा म्हणून चूक-दुरुस्तीचे बाइटही चित्रासाठी वापरलेले असतात, त्यामुळे त्यांच्या इमेज साध्या डेटा सीडीच्या इमेजसारख्या उघडत नाहीत. शेजारी त्याच नावाची छोटी क्यू (.cue) फाइल असेल तर ती जपा, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते तिच्यात लिहिलेलं असतं. आयसोबस्टर (IsoBuster) या प्रोग्रॅममध्ये ती क्यू उघडा, एमपेगएव्ही (MPEGAV) फोल्डरमधल्या डॅट (.dat) फाइलवर राइट-क्लिक करा आणि फक्त एमपेग फ्रेम गाळून काढायचा पर्याय घ्या. निघालेली फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते.

आमच्या फाइलीत आजोबा मंगलाष्टकं म्हणताना निघाले. त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही.

भागाकाराला बाकी उरली, किंवा क्यू फाइल सापडत नसेल, तर बाइट्सचा पूर्ण आकडा कमेंटमध्ये लिहा. पुढचं आपण मिळून बघू.