काय दिवे लावतो हा ड्रायव्हर?

विट्याहून एका वाचकांचा प्रश्न आलाय. ते तिथं मुलांना संगणक शिकवतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर मराठीत टिपणं काढताहेत. कॅप्स लॉक, नम लॉक, स्क्रोल लॉक यांच्या दिव्यांबद्दल त्यांनी लिहिलं, 'ड्रायव्हर कीबोर्डचे दिवे लावतो.' (हा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कीबोर्डशी बोलणारा भाग.) वर्ग हसत सुटला. मग त्यांनी ते बदलून 'ड्रायव्हर निर्देशक दीपांचे नियंत्रण हाताळतो' असं केलं. आता कुणी हसत नाही, पण कुणाला कळतही नाही. तर या इंडिकेटर लाईटला काय म्हणावं आणि 'लावणे' टाळावंच का, असं ते विचारतात.

हसू येणारच. 'काय दिवे लावलेस' हे आपल्याकडं निकालाच्या दिवशी ऐकायचं वाक्य. पण तो घोटाळा 'लावणे'चा नाही, मोघम अनेकवचनाचा आहे. 'ड्रायव्हर कॅप्स लॉकचा दिवा लावतो' असं लिहा, हसू आपोआप थांबेल.

आधी नामाचं उरकू. 'निर्देशक' वाचला की सिनेमाच्या हिंदी श्रेयनामावलीतला माणूस आठवतो, तो सोडा. 'सूचक' मराठीत हसतो किंवा गप्प बसतो: सूचक हास्य, सूचक मौन. शिवाय सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज भरलेल्या सांगलीकराला सूचक म्हटलं की शेजारी अनुमोदक लागतो. उरला 'दर्शक'. लिटमससाठी शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आहे, दिशादर्शक आणि सूक्ष्मदर्शकही रुळलेत. 'दर्शक दिवा' लिहावं, बोलताना 'कॅप्सची लाईट' म्हणावं. 'लाईट' स्त्रीलिंगीच ठेवा, अनेकवचन 'लायटी'. फक्त 'लाईट गेली' म्हणताना जपून. साताऱ्यात त्याचा अर्थ सगळ्या पेठेची वीज गेली असा होतो.

खरी गंमत क्रियापदात आहे. मराठीत 'लागणे' आणि 'लावणे' अशी जोडी आहे. दिवा लागतो तेव्हा लावणारा वाक्यात नसतो. दिवा लावतो म्हटलं की तो सांगावाच लागतो. कीबोर्डच्या बाबतीत हा फरक नुसता व्याकरणाचा नाही.

कृष्णाकाठच्या कुठल्याही मळ्यात मोटारीच्या पेटीवर तीन लायटी असतात: लाल, पिवळी, निळी. रात्रपाळीची वीज आली की तिन्ही लागतात, एक फेज गेला की त्याची लाईट जाते. शेतकरी लांबूनच बघतो आणि दोनच दिसल्या तर मोटार चालू करत नाही, जळेल म्हणून. तिथं मधे कुणी नाही. तारेत वीज आहे म्हणून लाईट आहे. त्या लायटी खरोखर 'लागतात'.

कीबोर्डवरच्या तीन दिव्यांचं तसं नाही. कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्ड फक्त 'हे बटण दाबलं गेलं' एवढंच कळवतो. कॅप्स चालू की बंद, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते आणि मग उलट निरोप धाडते, की बाबा, आता दिवा लाव. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवर हे दिवे नव्हतेच, बोलणंही एकतर्फी होतं. १९८४च्या एटी मॉडेलपासून कीबोर्ड ऐकूही लागला आणि दिवे आले.

जुन्या गोल पिनेच्या, म्हणजे पीएस-टू कीबोर्डला हा निरोप कसा जातो ते बघण्यासारखं आहे. ड्रायव्हर आधी एक बाइट, म्हणजे एक छोटा आकडा पाठवतो, हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीत) 'ईडी' (बातम्यांतल्या ईडीशी संबंध नाही). कीबोर्ड 'एफए' असं उत्तर देतो. याला आपल्याकडं 'पोच' हा नेमका शब्द आहे, 'अभिस्वीकृती' वगैरे लिहू नका. पोच मिळाल्यावर दुसरा बाइट जातो, त्यात दिव्यांची बेरीज असते: स्क्रोलचा १, नमचा २, कॅप्सचा ४. नम आधीच लागलेला असताना कॅप्स लावायचा तर ४ नाही, ६ पाठवायचे. नुसते ४ पाठवले तर नमचा दिवा जातो. एक दिवा लावायला तिघांचा हिशेब. यूएसबीत क्रम वेगळा, नम १, कॅप्स २, स्क्रोल ४. त्यामुळं ड्रायव्हरला इकडचं तिकडं भाषांतरही करावं लागतं. विट्याच्या गुरुजींना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

आता 'लावणे'च का, त्याचा पुरावा. घरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मी रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता होऊन कॅप्स लॉकच्या एलईडीच्या फोल्डरातल्या 'ब्राइटनेस' नावाच्या फाइलीत १ लिहिला. दिवा लागला. टाइप केलं तर अक्षरं लहानच! बटणाला मी हातही लावला नव्हता. मळ्यातल्या पेटीवर हे करून दाखवा. उलटही घडतं: मशीन अडकलं की दुरुस्तीवाला पहिल्यांदा कॅप्स लॉक दाबून बघतो. दिवा बदलला तर आत कुणीतरी जागं आहे, नाही बदलला तर लावणाराच गेला.

म्हणून वापरणाऱ्यासाठी लिहिताना 'बटण दाबलं की दिवा लागतो' हे बरोबर, आणि ड्रायव्हरच्या धड्यात 'दिवा लावतो'च हवं. 'हाताळतो' मात्र काढून टाका. हाताळायला ती काचेची बरणी नाही.

ब्लिंकसाठी तारेचं 'लुकलुकणे' नको, 'उघडझाप' बरी. लिनक्सचा गाभा (कर्नल) कोसळला की पीएस-टू कीबोर्डचे दिवे करतात ती ठरावीक ठेक्याची उघडझापच असते.

राहिलं बंद करणं. 'विझवतो' माझ्या कानाला खटकतं. आमची आजी समईच्या बाबतीत तो शब्द तोंडातून काढू द्यायची नाही, 'दिवा शांत झाला' म्हणायची. ड्रायव्हर 'शांत करतो' लिहिलं तर वर्ग पुन्हा हसेल. 'मालवतो' लिहा, किंवा सरळ 'घालवतो'. आमच्याकडं 'लाईट घालव' हेच रोजचं आहे, विट्यात काय म्हणतात ते पोरांनाच विचारा.