डार्क हॉर्स आणि फोव्हेलचा खरारा

एका वाचकाने विचारले आहे की, निवडणुकीच्या बातम्यांत सतत भेटणारा 'डार्क हॉर्स' म्हणजे नेमका कोणता घोडा, आणि घोड्याचे नावही न घेता घोड्याविषयीच बोलणारे वाक्प्रचार इंग्रजीत आहेत काय.

पहिल्या भागाचे उत्तर लवकर आटोपतो, कारण या शब्दाची जी परवड चालली आहे ती पाहून चिडचिड होते. ज्याचे नाव महिनाभर मुख्यमंत्रिपदासाठी सर्वांत पुढे म्हणून घेतले जाते, त्यालाच आमचे वार्ताहर निकालाच्या दिवशी 'डार्क हॉर्स' ठरवून मोकळे होतात, आणि काही जण तर ज्याच्या हेतूंविषयी संशय आहे अशा पुढाऱ्याला हे बिरुद लावतात. दोन्ही प्रयोग चुकीचे आहेत. येथे 'डार्क' म्हणजे काळा नव्हे आणि काळ्या मनाचाही नव्हे. ज्याच्या ताकदीविषयी पैज लावणारे अंधारात आहेत, असा घोडा. बेंजामिन डिझरायली पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, परंतु त्याआधी 1831 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द यंग ड्यूक' या त्याच्या कादंबरीत असा कोणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा प्रेक्षकांच्या मंचासमोरून सर्वांना मागे टाकत निघून जातो. राजकारणातील नमुनेदार उदाहरण अमेरिकेच्या जेम्स पोकचे. 1844 मध्ये बाल्टिमोर येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा पहिल्या सात फेऱ्यांत पोकला एकही मत नव्हते; नवव्या फेरीत उमेदवारी त्याला मिळाली आणि त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. पहिल्या फेरीपासून ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, त्याला 'फेव्हरिट' म्हणावे.

'हॉर्सपॉवर' शाळेच्या पुस्तकात असते आणि मेलेल्या घोड्याला चाबूक मारण्याचा अर्थ कोणालाही कळतो, म्हणून ते सोडून देतो. 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' मात्र सोडवत नाही, कारण घोड्याचे वय त्याच्या दातांवरून कळते म्हणून खात्रीची बातमी ती 'घोड्याच्या तोंडची', असे स्पष्टीकरण पुष्कळ जाणकार म्हणवणारे लोकही देतात. दातांवरून वय कळते हे खरे आहे. हिरड्या मागे सरकून दात लांब दिसू लागतात, त्यावरून वय झालेल्या माणसाला 'लाँग इन द टूथ' म्हणतात. आणि भेट मिळालेल्या घोड्याचे दात पाहू नयेत ही म्हण तर इतकी जुनी आहे की, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने ती लोकांच्या तोंडची म्हणून दिली आहे. आपली 'धर्माची गाय, दात का नाय' तीच गोष्ट सांगते. पण दात पाहणे ही शंकेखोर गिऱ्हाइकाने केलेली तपासणी आहे. तिच्यात घोडा काही सांगत नाही, उलट मालक लपवीत असलेले त्याच्याकडून काढून घ्यावे लागते. हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शर्यतशौकिनांचा आहे. जॉकी, प्रशिक्षक, मोतद्दार यांच्याकडून आतली बातमी काढणारे अनेक असत. आपली बातमी त्यांच्याही पलीकडची, खुद्द घोड्यानेच कानात सांगितलेली आहे, अशी ती फुशारकी होती. विनोद ओळखता आला नाही म्हणून दंतवैद्यकाकडे धाव घेण्याचे कारण नाही.

आता दुसरा भाग. 'विन हँड्स डाउन' हा घोड्याचे नाव न घेणारा वाक्प्रचार होय: विजय निश्चित झाला की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेतो, म्हणून तो विनासायास जिंकणे या अर्थी रूढ झाला. परंतु या प्रकारात सर्वांचा राजा शोभेल असा वाक्प्रचार म्हणजे 'करी फेव्हर', अर्थात वरिष्ठांची मर्जी संपादन करण्यासाठी खुशामत करणे. या 'करी'चा अर्थ सांगताना इंग्रजांना चार ओळी खर्चाव्या लागतात. मराठीत त्याला 'खरारा करणे' हा नेमका शब्द आहे. मोतद्दार दातेरी लोखंडी खरारा हातात घेऊन घोड्याच्या अंगावर गोल गोल फिरवतो, त्वचेला चिकटलेली धूळ आणि गळालेले केस मोकळे करतो, आणि घोडा डोळे अर्धवट मिटून सुखाने उभा राहतो. हे काम म्हणजे 'करी'. मग 'फेव्हर'ला, म्हणजे मर्जीला, खरारा कसा करणार?

उत्तर असे की, मुळात तेथे 'फेव्हर' नव्हतेच. चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकालातील इंग्रजीत हा प्रयोग 'करी फॅव्हल' असा आढळतो, आणि फॅव्हल हे फ्रेंच 'फोव्हेल'चे इंग्रजी रूप आहे. फोव्हेल म्हणजे पिवळसर तपकिरी रंगाचा घोडा. फ्रान्सच्या राजदरबारातील कारकून जेर्वे द्यू ब्यू याच्या नावावर असलेल्या 'रोमाँ द फोव्हेल' या उपरोधिक काव्याचा पहिला भाग 1310 चा आणि दुसरा 1314 चा आहे. त्यात हा घोडा तबेला सोडून राजवाड्यात राहायला येतो, आणि पोप, राजे, सरदार, धर्मगुरू असे सारे बडे लोक त्याचे अंग पुसण्यासाठी आणि त्याला खरारा करण्यासाठी गर्दी करतात. खुशामतीचे इतके झणझणीत चित्र मला दुसऱ्या कोणत्याही भाषेत आढळलेले नाही. आपल्या 'लांगूलचालना'त शेपूट हलवणारा, म्हणजे खुशामत करणारा, जनावर ठरतो. फोव्हेलच्या गोष्टीत ज्याची खुशामत होते तोच जनावर आहे, आणि खरारा धरलेले हात मात्र अंगठ्या घातलेल्या माणसांचे आहेत.

पुष्कळ विद्वान येथेच थांबतात आणि वाक्प्रचार या काव्यातून निघाला असे सांगून टाकतात. फोव्हेल या नावात सहा दुर्गुणांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत, ही गोष्ट त्यांना विशेष पटते: फ्लातरी म्हणजे चापलुसी, आव्हारिस म्हणजे लोभ, व्हिलनी म्हणजे नीचपणा, व्हारिएते म्हणजे चंचलपणा, आंव्ही म्हणजे मत्सर आणि लाश्ते म्हणजे भ्याडपणा. त्या काळी 'यू' आणि 'व्ही' ही एकाच अक्षराची दोन रूपे असल्याने हिशेब बरोबर जुळतो. माझ्या मते मात्र ही सारी आद्याक्षरे नंतर बसवलेली आहेत, आणि नाव आधीपासून तबेल्यात होते. क्रूसयुद्धाच्या वाटेवर असताना 1191 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने सायप्रसचा सत्ताधीश आयझॅक कोम्नेनोस याचा पाडाव केला, तेव्हा त्याच्याकडून हाती लागलेल्या उमद्या घोड्याचे नाव फोव्हेलच होते. काव्याच्या सव्वाशे वर्षे आधी पिवळसर घोड्याला या नावाने हाक मारली जात होती, तर मालकाच्या लाडक्या घोड्याला जरा जास्तच मन लावून खरारा करणाऱ्या मोतद्दाराची थट्टाही तेव्हापासून होत असली पाहिजे. घोड्याला खूश ठेवून धन्याची कृपा मिळवणे हे तबेल्यात रोज दिसणारे दृश्य आहे. त्यासाठी कारकुनाच्या प्रतिभेची गरज पडत नाही. कवीने मोतद्दारांच्या तोंडचा घोडा उचलून राजवाड्यात बांधला, एवढेच त्याचे श्रेय, आणि ते कमी नाही. लेखी पुराव्याशिवाय अक्षरही न मानणाऱ्या कोशकारांना हा तर्क रुचणार नाही, पण मोतद्दार आपल्या थट्टा लिहून ठेवीत नसत, हे त्यांनीही ध्यानात घ्यावे.

पुढचा प्रवास सोपा आहे. इंग्लंडात पोहोचेपर्यंत फॅव्हलचे खूर आणि आयाळ गळून गेली. विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातील काव्यात फॅव्हल हे चक्क एका कपटी, गोडबोल्या माणसाचे नाव आहे. घोडा विस्मरणात गेला, तेव्हा खरारा कोणाला करायचा हे बोलणाऱ्यांना कळेना, आणि कानाला जवळचा वाटणारा, अर्थालाही जुळणारा 'फेव्हर' हा शब्द सोळाव्या शतकात त्या रिकाम्या जागी येऊन बसला. व्याकरण बिघडले, पण खुशामतीचा अर्थ शाबूत राहिला.

या 'करी'चा आपल्या जेवणातील करीशी संबंध लावणारे लेख अधूनमधून वाचनात येतात. कोणाला तरी मसालेदार कालवण खाऊ घालून खूश करणे, असा त्यांचा शोध असतो. खरारा करण्याची 'करी' जुन्या फ्रेंचमधील, सज्ज करणे, नीटनेटके करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आली आहे. जेवणातील करी तमिळ 'करी'पासून पोर्तुगीजांच्या मार्फत युरोपात गेली. दुसऱ्या रिचर्डच्या स्वयंपाक्यांनी 1390 च्या सुमारास लिहिलेल्या पाककृतींच्या संग्रहाच्या नावात 'क्युरी' हा तिसराच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ नुसता स्वयंपाक असा आहे. या तिघींना एकाच दावणीला बांधणाऱ्या लेखावर विश्वास ठेवू नये.