जानेवारीची वाट बघू नकोस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. निसर्गाची चित्रांची डायरी करायचीये, वही कुठली घेऊ, रंग कुठले घेऊ आणि जानेवारीपासून सुरू केली तर चालेल ना, असं विचारलंयस. वही-रंगांचं नंतर बघू, ते सोपंय, पण जानेवारी डोक्यातून काढ आधी. आपल्या इकडचं वर्ष पावसाने सुरू होतं, कॅलेंडरने नाही, आणि आत्ता मे संपत आलाय म्हणजे तुझ्या हातात अगदी नेमकी वेळ आलीये. काटेसावरीचा कापूस उडून गेला, बहावा अजून थोडा पिवळा आहे, कावळ्यांची घरटी चाललीयेत आणि म्हणूनच कोकीळ पहाटेपासून बोंबलतोय, कारण कोकिळेला अंडी त्याच घरट्यात घालायचीयेत. पावशा 'पेर्ते व्हा' करत फिरतोय. हे सगळं कोरड्या डोंगरासकट आत्ता कागदावर यायला पाहिजे. एकदा पाऊस लागला की आठ-दहा दिवसात आपला ठाण्याचा येऊरचा डोंगर असा बदलतो ना, की आधी तो कसा होता हे कितीही आठवलं तरी आठवत नाही. सगळे जण पावसातली हिरवी पानं काढतात, त्याच्या आधीचं तपकिरी पान कोणाकडेच नसतं.

आता वहीची रचना सांगते, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. तारखेमागून तारीख अशी डायरी लिहू नकोस. समोरासमोरची दोन पानं एका आठवड्याला दे, म्हणजे बावन्न जोड्या झाल्या की वर्ष संपलं. प्रत्येक जोडीत या वर्षी फक्त थोडीशी जागा वापरायची, एक चित्र, चार ओळी, बाकी कोरं सोडायचं. पुढच्या वर्षी तोच आठवडा आला की त्याच पानावर यायचं, आणि शेजारी वर्ष टाकून लिहायचं. बहावा गेल्या वर्षीपेक्षा आधी फुलला का, पहिला धोबी पक्षी सप्टेंबरच्या कुठल्या आठवड्यात गच्चीवर शेपूट हलवत आला, हे सगळं मग न शोधता समोर दिसतं. कोरी जागा बघून सुरुवातीला वाईट वाटेल, वही रिकामी रिकामी वाटेल, वाटू दे. कारवीसारखं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं आणि मरून जातं, तिच्यासाठी तर एका वर्षाची डायरी काही कामाचीच नाही.

आणि कृपा करून दर रविवारी येऊर, कर्नाळा, खारघर असं धावू नकोस. ती सहल होते, नोंद होत नाही. तुझ्या बिल्डिंगपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता धर, त्यातलं एक झाड पक्कं कर आणि वर्षभर त्याच्यामागे लाग. पिंपळ मिळाला तर उत्तमच, त्याची नवी तांबूस पालवी, मग फळं, मग फळांवर येणारे तांबट आणि नशीब असेल तर हरियाल, आपला राज्यपक्षी. गुलमोहर असला तरी चालेल. तो मूळचा मादागास्करचा म्हणून नाक मुरडणारे भेटतील तुला, त्यांचं ऐकू नकोस, त्याच्यावर मुंग्या किती आणि घरटं कोणाचं ते बघ. आपल्याकडे सोसायट्यांनी सातवीण एवढी लावलीये की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिच्या उग्र वासाने डोकं दुखतं, तो वाससुद्धा नोंद आहे, लिहायचा. येऊरला महिन्यातून एकदा गेलीस तरी खूप झालं, तेही कोणाला तरी घेऊन आणि उजेडात, तिथे बिबटे आहेत. आणि पावसात धबधब्यापाशी बसून चित्र काढायची हौस नको.

काढताना मोबाईल बॅगेत ठेव. ही सूचना आहे, विनंती नाही! फोटो काढला की गूगल लेन्स नाव सांगतो आणि नाव कळलं की आपण बघायचंच थांबवतो, निदान मी तरी असंच होताना बघितलंय सगळ्यांचं. आधी काढ, नाव घरी येऊन शोध. रोहित म्हणजे फ्लेमिंगो काढशील तेव्हा बघ, त्याचा पाय मधेच मागच्या बाजूला वाकतो, आपल्याला तो गुडघा वाटतो पण ती टाच असते, खरा गुडघा वर पोटाशी पिसांत लपलेला असतो, हे कळलं की उभा राहिलेला रोहित कागदावरही नीट उभा राहतो. चोच वाकडी का, तर तो डोकं उलटं करून पाणी गाळतो. पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग खाण्यातून येतो, त्यामुळे सगळ्यांना सरसकट गुलाबी फासू नकोस.

चित्राशेजारी वेळ, जागा, ढग, वारा, कोण काय करत होतं, एवढं लिही. 'आज तांबट ऐकू आला नाही' हेही लिही. आणि जे पाहिलं नाही ते चित्रात घालू नकोस, फांदी रिकामी दिसते म्हणून त्यावर खंड्या बसवायचा नाही, त्यापेक्षा वाकडंतिकडं पण खरं चित्र शंभर पटीने बरं.

सामान थोडंच. जाड कागदाची हातात मावेल अशी वही, एक टूबी पेन्सिल, साधं बॉलपेन (जेल पेनाची शाई पाणी लागलं की फुटते), कॅमलच्या रंगांच्या वड्यांची छोटी पेटी. त्यातला तयार हिरवा वापरलास तर सगळी झाडं एकाच नर्सरीतली दिसतील. पिवळ्यात निळा घाल आणि किंचित तपकिरी, कोवळ्या पानाला पिवळा जास्त, सागाला तपकिरी. जुलैत पाणी-रंग वाळतच नाहीत, पानं एकमेकांना चिकटतात, वहीला बुरशी येते, तेव्हा पावसाळाभर बाहेर फक्त पेन्सिल, आणि वही झिपच्या पिशवीत.

अजून एक, सगळी नोंद डोंगरातच होते असं नाही. पहिल्या पावसाच्या आसपास ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, शेजारी काकडं असतात, ती आंबट फळं, शेवळांची खाज मारायला भाजीत घालतात. मग टाकळा, कवळा, भारंगी येत जातात. एक जुडी विकत घे, आईला द्यायच्या आधी काढून घे, आणि कुठून आणलीत, तुमच्यात काय म्हणतात हे त्यांनाच विचार. घेतल्याशिवाय मात्र नुसतं उभं राहून चित्र काढत बसू नकोस, त्यांचा धंद्याचा वेळ असतो. आजी कुठली भाजी कशात घालते तेही त्याच पानावर येऊ दे. ऋतू बाजारात जितका स्पष्ट दिसतो तितका कित्येकदा जंगलातही दिसत नाही, असं माझं मत.

खाडीसाठी तिथी बघायला शिक. कोळ्यांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर होतो. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पसरलेले असतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात, आणि भरतीला बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जातात. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत गेली, पण भरती-ओहोटी न बघता गेलीस तर नुसता चिखल बघून परत येशील.

येत्या चतुर्थीला सकाळी दहाला खाडीकाठी ऐरोलीला ये. थोडे रोहित अजून असतील, नसले तर बगळे काढू. वही घेतली नसलीस तर पाठकोरे कागद आण, माझ्याकडे पुठ्ठा आणि क्लिपा आहेत. टोपी विसरू नकोस, तिथे सावली अजिबात नाही.

तुझी,
मावशी