ड्रोन घेतलास, आता आधी नकाशा उघड

सोलापूरचा विमानतळ होटगी रोडला, आपण राहतो शहरात, म्हणून काळजी नाही असं समजू नकोस. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढे हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात ४०० फुटांपर्यंत. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा दर वेळी नव्याने बघ, कारण परवानगी लागणारे लाल-पिवळे भाग बदलतात. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवाच. २०२१ च्या ड्रोन नियमांत हे सगळं आहे, एकदा शांतपणे वाचून काढ.

आता माझ्याकडून झालेली चूक. शेतावर उडवताना सिग्नल तुटला. ड्रोन आपोआप उडवलेल्या जागी परतायला लागला, पण परतीची उंची मी ठेवली होती ३० मीटर, आणि वाटेत विजेच्या हाय टेन्शन तारा. हात-दीड हात अंतरावरून वाचला. खाली बांधावर बायका खुरपत होत्या. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्यामुळे जागेवर पोचलास की आधी सगळ्यात उंच झाड, टॉवर, तारा बघ. परतीची उंची त्याहून वर, पण मर्यादेच्या आत ठेव. पत्र्याच्या शेडजवळून उडवू नकोस, होकायंत्र बिघडतं.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दीवर नेण्याचा मोह होईल. नाही म्हणजे नाही, बाळा. संक्रांतीला वर मांजाही असतो.

उन्हाळ्यात बॅटरी गाडीत ठेवू नकोस, आणि ३० टक्क्यांवर आली की उतरव.